लंगडा ळ

धाकटी त्या घरात सून होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिची परीक्षा घेतली, पण ती स्वयंपाकाची नव्हती. त्यांनी तिच्या तळहातावर शिशाचा एक खिळा ठेवला आणि विचारलं, "कुठलं अक्षर?" छापखान्यात जे जुळवून ओळी करतात तेच हे खिळे. त्यांच्या डोक्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. नवी सून गडबडेल आणि आपण हसू, अशा तयारीनं सगळं घर दारात उभं होतं. धाकटीनं खिळा उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "प आहे. पण पोट सुटलंय त्याचं." सासरेबुवांनी खिळा काढून घेतला, भिंगाखाली पाहिला आणि वितळवायच्या डब्यात टाकला. थोरली जाऊ नंतर हळूच म्हणाली, "पास झालीस बरं का. मला भ विचारला होता, मी म म्हणाले. अजून ऐकवतात."

घर म्हणजे पुढं राहत्या खोल्या आणि मागं खिळे ओतायचा कारखाना. कारखाना म्हणताना जीभ जरा अडखळते, कारण आत होती एक भट्टी, दोन जुनी यंत्रं आणि खिडकीपाशी सासरेबुवांचं टेबल. थोरले दीर भट्टी सांभाळत. धाकटीचा नवरा यंत्र चालवी आणि गिऱ्हाइकांशी गोड बोले. पण सगळ्याचं मूळ त्या टेबलावर होतं. सासरेबुवा पोलादाच्या बोटभर कांबीच्या टोकावर अक्षर कोरत. त्याला ठसा म्हणायचं. ठसा तांब्यावर ठोकला की साचा तयार, साच्यात शिसं ओतलं की खिळा. ठशात चूक राहिली की ती हजारो खिळ्यांत उतरणार आणि तिथून गावभर छापली जाणार. म्हणून ते कोरायला बसले की घरात कुणी पातेलंसुद्धा जोरात ठेवत नसे. मुलांनी मात्र ती विद्या घेतली नाही. शिकवताना सासरेबुवा इतके पेटत की दोघांनीही लवकरच काढता पाय घेतला.

धाकटीचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. लहानपणापासून तिनं त्यांच्या अक्षरांच्या सावल्या भरल्या होत्या, कडेला सोनेरी रेघ ओढली होती, टोकांना फुलं काढली होती. तिच्या लेखी अक्षर म्हणजे नटूनथटून बाहेर निघालेलं माणूस. सासरेबुवांची अक्षरं धुऊन इस्त्री केलेल्या पांढऱ्या सदऱ्यासारखी. "वाचताना अक्षर दिसलं," ते म्हणत, "की समजायचं, कोरणाऱ्याचं चुकलं." धाकटी हे ऐकून घेई आणि पाठ वळली की नाक मुरडी.

एक दिवस कार्डवाला आला. हे जुनं गिऱ्हाईक. त्याच्या छोट्या छापखान्यात नुसती आमंत्रणाची कार्डं निघत. तो म्हणाला, "लोकांना आता मथळ्याला नक्षीचं अक्षर हवं असतं. तुमचं अक्षर फार सज्जन आहे हो. शोकसभेला चालतं, समारंभाला नाही." सासरेबुवांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नवऱ्यानं चहाचं विचारून विषय बदलला. धाकटी मात्र त्या दिवसापासून भाजी निवडतानासुद्धा बोटानं ताटावर काहीतरी गिरवत बसायची.

तिनं वेलीचं अक्षर काढलं. अंगठ्याच्या नखाहून जरा मोठं. काना म्हणजे देठ, वेलांटी म्हणजे वळलेली वेल, मध्येच पान. शिरोरेषेवरून वेल अशी चालायची की एका अक्षरातून निघून शेजारच्यात शिरायची. पातळ ट्रेसिंग पेपरवर एकेक अक्षर काढून तिनं सगळे कागद सासऱ्यांच्या टेबलावर ठेवले आणि शेजारी उभी राहिली. कारण हे अक्षर कोरू शकेल असा हात घरात एकच होता. त्यांनी नाही म्हटलं असतं तर ती वेल कागदावरच वाळून गेली असती.

"हे काय आहे?" सासरेबुवा म्हणाले.

"वेलांटी."

"वेलांटीला पान फुटलेलं मी आजवर पाहिलं नाही."

"नावातच वेल आहे, बाबा. मग पान आलं तर बिघडलं कुठं?"

थोरली दाराआड फिस्सकन हसली. सासरेबुवांनी भिंग उचललं आणि एकेक कागद बघायला घेतला. शेवटचा कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "मी आयुष्यभर कोरत आलो. दुसऱ्यांनी काढलेली अक्षरं. स्वतःचं एक काढता आलं नाही मला." कागदांची चळत त्यांनी नीट जुळवली. "कोरीन मी. पण एक सांगून ठेवतो. चित्र तुझं, त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. ठसा माझा. तो चित्रापासून केसभर जरी हलला, तर हात गेला म्हणून समजायचं आणि कोरणी खाली ठेवायची. डोळे झाकून कोरत बसणाऱ्यातला मी नाही."

ढवळाढवळ करणार नाही म्हणणारा माणूस जेवढी ढवळाढवळ करतो तेवढी दुसरा कुणी करत नाही. एकेका पानावरून दोघांची जुंपायची. "हे पान काढ, शाई भरेल." "नाही भरणार." "ह ला एवढी वळणं कशाला? तो काय नाचायला निघालाय?" "तो मुळातच वळलेला आहे, बाबा, मी काय करू?" नवरा यंत्र बंद करून ऐकत बसायचा. थोरली म्हणायची, घरात सासू नाही ती उणीव सासऱ्यांनी भरून काढली.

सगळ्यात मोठं भांडण झालं कळीवरून. धाकटीनं प्रत्येक कान्याच्या डोक्यावर, शिरोरेषेच्या वर, एक टपोरी कळी काढली होती. सासरेबुवा म्हणाले, नको. ती म्हणाली, कळी हवीच, कळीशिवाय वेल भुंडी दिसते. तेव्हा ते वाद न घालता मुकाट कोरायला बसले. त्यांचं मुकाट बसणं काही चांगलं लक्षण नव्हतं, पण धाकटी तेव्हा हरभऱ्याच्या झाडावर बसली होती. पहिली काही अक्षरं ओतून झाल्यावर कार्डवाल्याला बोलावलं आणि त्याच्यासमोर दोन शब्द जुळवून छापले: साधा कागद. कार्डवाल्यानं कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "सांधां कांगद." मग विचारलं, "कुणाचा सांधा दुखतोय?"

"माझाच," सासरेबुवा म्हणाले.

सगळे पोट धरून हसले. पाटीवर कळी लाल रंगाची असते, म्हणून ती कळी दिसते. इथं शाई एकच, काळी. काळी कळी शिरोरेषेवर बसली की तिचा सरळ अनुस्वार होतो. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं स्वतःच्या हातानं सगळ्या कळ्या खोडल्या. सासरेबुवांनी 'मी सांगितलं होतं' असं काही म्हटलं नाही, आणि त्याबद्दल ती त्यांची मनातून ऋणी राहिली.

पण सांधा खरंच दुखत होता. ते पहिल्यांदा धाकटीच्याच लक्षात आलं. सासरेबुवा पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरू लागले होते. सदऱ्याची गुंडी लावताना भिंतीकडे तोंड करून उभे राहत. ठसा ताडून बघायची त्यांची एक पद्धत होती: दिव्याच्या ज्योतीवर ठशाला काजळी धरवायची, कागदावर त्याचा छाप उठवायचा, वर धाकटीचं ट्रेसिंग ठेवायचं आणि दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर धरायचे. रेघ रेघेत मिळाली की ठसा पास. पूर्वी हे काम एका फेरीत व्हायचं. आता एकेका ठशाला दोनदा, तीनदा कानस लागायची. पास व्हायचा, पण सासरेबुवांचा चेहरा घामानं निथळलेला असायचा.

ळ त्यांनी शेवटी ठेवला होता. ळ ला दोन पोटं. दोन्ही सारखी भरली नाहीत तर अक्षर एका अंगावर बसतं. शिवाय या ळ च्या दोन्ही पोटांतून वेल फिरलेली. तो गाळावा म्हटलं तर सोयच नाही. कार्डावर सोहळा येतो, वेळ येते, स्थळ येतं. ळ शिवाय आमंत्रण निघायचं कसं?

पहिला ळ बिघडला. दुसऱ्याच्या वेळी कोरणी सटकली आणि पानाचं टोकच उडालं. सासरेबुवांनी तिसरी कांब चिमट्यात धरली आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "हा शेवटचा. हा चित्राला मिळाला नाही तर मी उठलो टेबलावरून." त्या दिवशी स्वयंपाकघरात नवरा धाकटीला म्हणाला, "एक ळ बाहेरून कोरून घेऊ. कुणाला कळतंय?"

"त्यांना कळेल," धाकटी म्हणाली. "आणि टेबलावरून उठल्यावर ते करतील काय दिवसभर? ओट्यावर बसून येणारे-जाणारे मोजतील?"

तिसरा ळ दुपारी पुरा झाला. सासरेबुवांनी काजळी धरून छाप उठवला, पण खिडकीपाशी गेले नाहीत. "जेवून येतो," म्हणाले. "मग ताडून बघू." इतक्या वर्षांत ठसा तसाच टाकून ते कधी जेवायला उठले नव्हते. दारातून जाताना त्यांनी उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातलेला होता.

धाकटीनं छाप उचलला. ट्रेसिंग न ठेवताच तिला दिसलं. ळ चं उजवं पोट खाली घसरलं होतं आणि त्यातलं पान शेजारच्या खांद्यावर मान टाकावी तसं कललं होतं. अक्षर लंगडत होतं. आपण एकेका पानासाठी या माणसाशी भांडलो आणि त्याच पानांनी याचा हात संपवला, असं तिच्या मनात आलं. तिला स्वतःचा राग आला, वेलीचा आला, त्या कार्डवाल्याचाही आला.

मग तिनं ट्रेसिंगचा नवा तुकडा कापला, छापावर ठेवला आणि पेन्सिल घेतली. आतून ताटवाटीचा आवाज येत होता. थोरली "आणखी घ्या ना, बाबा" म्हणत होती. धाकटीनं सरळ अक्षरं कितीतरी काढली होती, पण चुकलेलं अक्षर चुकलेलंच काढायचं, तेही केसभर न हलता, हे काम तिला नवं होतं. हात आपोआप ते पोट वर उचलायला जायचा. तिनं त्याला दाबून ठेवला. रेघ पुरी झाली तेव्हा तिनं जुनं ट्रेसिंग चुरगळून भट्टीत टाकलं आणि नवं त्याच्या जागी ठेवलं. थोरल्या दिरांनी भट्टीपाशी उभं राहून हे सगळं पाहिलं. त्यांनी निखारे जरा वर केले.

सासरेबुवा आले. त्यांनी दोन्ही कागद घेतले आणि काचेवर धरले. हात थरथरत होता म्हणून धाकटीनं कागदांचा खालचा कोपरा धरला. रेघ रेघेत मिळाली होती. काना-मात्रेचाही फरक नव्हता. सासरेबुवा बघत राहिले. तिला वाटलं, संपलं, यांना कळलं.

"ठसा बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांचा श्वास एकदम मोकळा झाला. मग भिंग घेऊन ते पुन्हा वाकले आणि त्यांच्या आवाजात जुनी धार आली. "चित्रच चुकलंय तुझं! हे उजवं पोट बघ. लंगडा केलास ळ. एवढी अक्षरं धड काढलीस आणि शेवटी घाई केलीस."

एकेका पानासाठी भांडणारी धाकटी खाली बघत म्हणाली, "हो बाबा. घाईच झाली."

ते तिच्या उत्तराची वाट बघत होते. पुढं काही येत नाही म्हटल्यावर जरा वरमले. "असू दे," म्हणाले. "चुकतं एखादं अक्षर माणसाचं. एवढं मनाला लावून घ्यायचं नाही." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात कसा थरथरतोय ते तिला केसांतून कळत होतं.

मग ते टेबलावर बसले, कोरणी पुसली आणि नवी कांब शोधू लागले. "आता आकडे. कार्डावर तारीख लागतेच. काढलेस का?"

"काढते," धाकटी म्हणाली. आत जाऊन ती मोरीपाशी उभी राहून रडली. मग तोंड धुऊन ट्रेसिंग घेऊन बसली. एक, दोन, तीन, सगळे आकडे तिनं जाड, सोपे, सुटसुटीत काढले. त्या हाताला झेपतील असे. थोरली मागून वाकून बघत म्हणाली, "अगं, यांना पानं कुठायत?"

"आकड्यांना पानं शोभत नाहीत," धाकटी म्हणाली आणि कागद घेऊन सासऱ्यांकडे गेली.