कान कापताना कुठं उभं राहता?

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी एक लहानसं टूल लिहिलं होतं. त्यात बटणं नव्हती. काळ्या पडद्यावर मेंढीच्या कानाची खूण टाईप करायची, की ती कुणाच्या कळपातली ते खाली उमटायचं. आमच्याकडं मेंढपाळांत ओळखीसाठी मेंढीचा कान कापायची प्रत्येक घराची पद्धत वेगळी असते. आधी सगळ्या खुणा मी मूळ कोडमध्येच भरल्या होत्या, त्यामुळं नवीन घर आलं की सगळं उघडून बसावं लागायचं. म्हणून प्लगइनची सोय केली. ज्यानं त्यानं आपल्या खुणेची फाईल लिहून फोल्डरमध्ये टाकायची, टूल ती आपोआप वाचेल. पहिली फाईल आमच्या घराची. दुसरी चकलांब्याच्या माझ्या वर्गमैत्रिणीनं लिहिली. तिच्याही घरी मेंढरं आहेत.

दिवाळीनंतर माजलगावच्या धरणाकाठी आमचे दोन्ही कळप पाण्यावर मिसळले. निवडता निवडता एक काळी मेंढी मागं राहिली; ती कुणाची ते ठरेना.

"तुझ्या टूललाच इचारू की," मैत्रीण म्हणाली. तिनं मेंढीसमोर उभं राहून खूण पाहिली आणि माझ्या लॅपटॉपवर 'डावा कान, एक काप' असं टाईप केलं. उत्तरात आमचं घर आलं.

तिचा चेहरा उतरला. "अगं, ही आमचीच हाय. बाटलीनं दूध पाजलंय मी हिला."

टूल माझं आणि उत्तरही माझ्याच फायद्याचं.

तेवढ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, आले. मेंढीच्या मागं उभे राहून म्हणाले, "आपली न्हाई ही. आपला काप दुसऱ्या कानाला."

"पण डावाच आहे ना?" मी विचारलं.

"कुठून डावा? आमी मागून धरून कापतो. ही पोरगी पुढं हुबी हाय."

मैत्रिणीच्या घरी मेंढीचं तोंड समोर धरून कान कापतात, म्हणजे त्यांचा डावा तो आमचा उजवा. दोन्ही फायलींत खरेपणानं 'डावा' लिहिलं होतं, आणि टूल पहिली जुळणारी फाईल उचलून मोकळं झालं होतं.

मेंढी मैत्रिणीच्या कळपात गेली.

"असलं इचारत न्हाई व्हय तुझं मशीन?" अण्णांनी विचारलं.

मी तिथंच बसून बदल केला. आता प्रत्येक प्लगइननं, आणि टाईप करणाऱ्यानंही, आधी सांगायचं: मेंढीच्या पुढं की मागं? हे नसेल तर टूल फाईल घेणारच नाही. अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं,

"आन जे कान कापतच न्हाईत, नुस्तं वरडण्यावरनं वळखत्यात, त्येंनी काय लिवायचं?"

मी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "कसं ओळखतात, अण्णा?"