धोंड्याचं जेवण आणि दोन हॉटेलं

अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण द्यायची आमच्याकडे रीत आहे. धोंडे म्हणजे पुरण भरून वाफवलेले कणकेचे उंडे. ऊन चढायच्या आत आम्ही कडेगाव सोडलं तेव्हा माझ्या बायकोच्या, सुमनच्या मांडीवर धोंड्यांचा डबा होता. हे जेवण घरात वाढायचं असतं. आम्ही ते हॉटेलात वाढायला निघालो होतो.

कारण सांगतो. मी तमिळनाडूत गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) धंद्यात भट्टीपुढे बसून वर आलो. त्या धंद्यात शब्दावर सगळं चालतं. आमच्या मुलीची, अश्विनीची, सुपारी कराडच्या चांगल्या घरात फुटली होती. तिनं पुण्यात ऑफिसातल्या मुलाशी नोंदणी लग्न केलं. माझा शब्द मातीत गेला. भावकीसमोर मी बोलून बसलो की ही पुन्हा माझा उंबरा ओलांडणार नाही. ते बोलणं मी मागं घेतलेलं नाही.

सुमननं वर्षानुवर्षं फोनवर रडून यावर तोड काढली होती. घर नाही, तर हॉटेल. पोरगी आणि जावई पुण्याहून दुपारी येणार, आणि हॉटेल मी निवडून कळवायचं. माझ्या डोक्यात दोन होती: साताऱ्याचं हमरस्त्यावरचं मोठं, आणि मेढ्याच्या वाटेवरचं डोंगरातलं लहान. फोनवर भाव होत नाही, म्हणून दोन्ही बघूनच ठरवायचं होतं.

टोल वाचवायला मी रहिमतपूरमार्गे गाडी घातली. चहाला थांबलो तेव्हा सुमन म्हणाली, "आवं, अशूला दिवस गेल्यात. पाचवा हाय."

"आन हे आत्ता सांगतीस?"

"मग कवा सांगू? तिचं नाव तरी काढू देता का? आज नीट झालं, तर म्हणलं बाळंतपणाला घरी आणू. पहिलं माहेरीच असतंय."

मी चहा पांचट आहे म्हणून चहावाल्याशी भांडलो. गाडीत बसताना म्हणालो, "बघू." मी 'बघू' म्हणालो की अर्धा सौदा झाला, हे सुमनला ठाऊक आहे. साताऱ्यापर्यंत ती गुणगुणत होती.

मोठं हॉटेल खरोखर मोठं होतं. दारात कारंजं, आत डोक्यावर झुंबर, आणि फरशी अशी की सुमननं चपला काढून हातात घेतल्या. काउंटरवरचा पोरगा कोट घालून उभा होता.

"सर, रेट फिक्स आहे."

"फिक्स फकस्त मरण असतंय, गड्या. मॅनेजरला बोलव."

मॅनेजर आला, घामाघूम झाला आणि भावात खाली उतरला. कोपऱ्यातली खोली, अजिंक्यतारा दिसणारी खिडकी, वर जावयाला बसायला पाट आणि चौरंग. मी खूश होतो. सुमननं वर जाऊन पाट कुठं मांडायचा तेही बघितलं.

तेवढ्यात बाजूच्या हॉलमधून आमच्या गावचा नाना बाहेर आला. आत कुणाचा तरी साखरपुडा होता.

"आवं अप्पा! वैनीबी? नवरीकडचं का नवऱ्याकडचं तुमी?"

"कुणाकडचंच न्हाई. कामाला आलोय."

"कामाला डबा घिऊन? लय जोरात काम दिसतंय!"

तो हसत आत गेला. हॉलमध्ये आमच्या भागातली निम्मी माणसं असणार. मी खोली नको म्हणून सांगितलं. सुमननं डबा पुन्हा गाडीत नेऊन ठेवला.

मेढ्याचा रस्ता चढणीचा. डोंगर वाळून तांबूस पडलेले, खाली धरणाचं पाणी आटून काठाची माती उघडी पडलेली. लहान हॉटेल एका वळणामागं होतं, रस्त्यावरून दिसतही नव्हतं. पांढऱ्या भिंती, सिमेंटची जमीन, एक पलंग, एक खिडकी. टीव्ही नाही, चित्र नाही. एवढं काही नसण्याचे पैसे मोठ्या हॉटेलापेक्षा जास्त होते. चालवणाऱ्या बाईंनी दाराशी लावलेल्या दरपत्रकाकडं बोट केलं. मी पैसे दिले.

"तुमी घासाघीस केली न्हाई," सुमन हळूच म्हणाली.

दुपारी ती दोघं आली. अश्विनीच्या चेहऱ्यावर तेज होतं. पाट नव्हता, म्हणून चादरीची घडी जमिनीवर घातली. सुमननं जावयाला ओवाळलं, धोंडे वाढले, वर तूप सोडलं. पोरगा वर्ध्याकडचा. म्हणाला, "आई, आमच्याकडे अनारसे असतात. हे पहिल्यांदाच खातोय." त्यानं मागून घेतलं. मला तो वाईट वाटला नाही, हे लिहायला हरकत नाही.

"जागा छान आहे, अप्पा," अश्विनी म्हणाली. "कशी सापडली?"

सुमन भोळी. म्हणाली, "आधी साताऱ्याचं मोठं ठरलं हुतं. तिथं नाना भेटला."

अश्विनीचा हात ताटावर थांबला. "मग?"

"तिथं भाव जास्त होता," मी म्हणालो.

"जास्त? इथला दर दारावर लिहिलाय, अप्पा. तुम्ही तो कमी करून घेतला?"

सुमननं तुपाची वाटी पुढं ओढली.

"घरी नको म्हणालात, तेव्हा वाटलं राग आहे. राग चालतो मला. माझ्यातही तुमचाच आहे." तिनं खोलीभर नजर फिरवली. "पण चार माणसांत माझ्याबरोबर बसायची लाज वाटते, हे नव्हतं कळलं."

मी तापलो. सुपारी कुणी मोडली, भावकीसमोर मान कुणाची खाली गेली, सगळं काढलं. जावई हात धुऊन भिंतीशी उभा राहिला.

सुमननं मधेच विचारलं, "आन बाळंतपणाला?"

"ह्यांच्या आई येणार आहेत पुण्याला."

"त्या येऊ देत. मीबी येते. आत्ताच."

"कापडं न्हाईत तुझी संगं," मी म्हणालो.

"पोरीच्या घरी एक लुगडं मिळंलच की."

"जायचं तर जा, पण मग…" ती चपला घालत होती.

त्यांची गाडी वळणाआड गेली. खोली सकाळपर्यंत माझी होती. रिकामा डबा घेऊन मी निघालो.

संध्याकाळी कडेगावात पोचलो, तर शेजारचे भिकातात्या गाय बांधत होते.

"वैनी न्हाईत संगं?"

"लेकीकडं गेली," मी म्हणालो, आणि पुढच्या प्रश्नासाठी छाती घट्ट करून उभा राहिलो.

"बरं झालं. पाचवा असंल न्हवं? आमच्या सुनंशी बोलणं हुतंय अशूचं." दावं ओढून त्यांनी गाठ मारली. "घरीच आणायची हुती रं. गावाला काय पडलंय आता?"

मी कुलूप काढलं.

वाचकांपैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल, तर दोन्ही हॉटेलं स्वच्छ आहेत. मोठ्यात भाव होतो. लहान सुंदर आहे, पण तिथं आपल्याला कुणी बघत नाही, आणि त्याचे पैसे फार पडतात.

सुमन अजून पुण्यातच आहे. मी फोन करतो. अश्विनी उचलते, "आईला देते" म्हणते, आणि देते.