घाईची साक्ष

आधीच सांगून टाकते. मी देवाच्या वतीने एक चमत्कार जाहीर केला आणि देवाने तो केलेलाच नव्हता. तोही माइकवर. आणि नंतर सगळ्यांना बटाटेवडे वाटले.

आता नीट सांगते.

आम्ही रत्नागिरीतले ख्रिस्ती. इतके कमी, की एखादं कुटुंब लग्नाला बाहेरगावी गेलं तरी रविवारी चर्च रिकामं वाटतं. त्यामुळे आमच्याकडे काही लपत नाही. माझं दहावीचं गणितसुद्धा भर उपासनेत प्रार्थनेला घेतलं होतं, नाव घेऊन. पप्पा बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतात. मम्मी नर्स. मी आंब्याच्या पल्पच्या एका कारखान्यात ऑनलाइन ऑर्डरी बघते, म्हणजे दिवसभर टाइप करते आणि उरलेल्या वेळात पण टाइप करते.

पप्पांना शुगर आहे. एक दिवस गमबूट चावला, करंगळीपाशी जखम झाली, आणि त्यांना ती कळलीच नाही, कारण पायाला समजतच नव्हतं. कळली तेव्हा त्यांनी काय करावं? घरात नर्स आहे, तिला दाखवावं? नाही. त्यांनी मोजे घालायला सुरुवात केली. रत्नागिरीत. मे महिन्यात. घरात बसून मोजे! मम्मीने दोन दिवस बघितलं आणि मग जेवता जेवता म्हणाली, "पाय वर घ्या." पप्पा म्हणाले, "जेवू दे गो." मम्मी म्हणाली, "वर घ्या म्हटलं ना." मोजा काढल्यावर ती काही बोलली नाही. मम्मी गप्प झाली की आमच्या घरात समजायचं.

हॉस्पिटलात डॉक्टर स्पष्ट बोलले. औषधं चालू करू, रोज ड्रेसिंग करू. जंतुसंसर्ग थांबला तर ठीक. वर चढत राहिला तर बोटं काढावी लागतील, आणि तरी नाही थांबला तर गुडघ्याखाली पाय. पप्पा म्हणाले, "डॉक्टर, मला दुरुस्तीला लाँचवर चढायचं असतं. शिडी नसते तिथे." डॉक्टर म्हणाले, "आधी पाय तर राहू दे."

झालं. मी कामाला लागले. देवाच्या.

आमच्याकडे वचनांची डबी असते. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, एकेक ओळ छापलेल्या छोट्या चिठ्ठ्या, डोळे मिटून एक काढायची, ती आपल्यासाठी. नियम एवढाच की एक काढायची. मी पहिली काढली, त्यात धीर धरा असं काहीतरी होतं. मला धीर नको होता, पाय हवा होता. परत ठेवली. दुसरी काढली, त्यात शत्रूंवर प्रेम करा. आमचा शत्रू कोण, गमबूट? परत ठेवली. अशी मी ती डबी ढवळत बसले, शेवटी बरं होण्याबद्दलची एक मिळाली, तिचा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला: "आज देवाने दिलेलं वचन." देवाने कसलं दिलं, मी हिसकावून घेतलं होतं.

मग उपास धरला. सकाळपासून पाणीसुद्धा नाही असं ठरवलं, आणि दहा-साडेदहाला शेजारची चाची बांगड्याचं तिखलं आणि भाकरी घेऊन वॉर्डात आली. पप्पांच्या बारशापासून तिची आमच्या घरात ये-जा. मी म्हटलं, "चाची, माझा उपास आहे." ती म्हणाली, "आमच्या रमझानला माझ्या घरी बसून भजी खाल्लीस ती कोण गो तू?" मी खाल्लं. ताटली पुसून खाल्लं. देवाला म्हटलं, आजचा धरू नकोस, उद्यापासून.

यूट्यूबवर तर मी किती पाळक, म्हणजे पाद्री, ऐकले त्याला काही सुमारच नाही. एक अमेरिकेतला म्हणायचा, मिळालंय असं समजून आधीच आभार माना. मला हे फार आवडलं. आगाऊ बुकिंगसारखं.

आणि मग शनिवारी ड्रेसिंग करताना तरुण डॉक्टर म्हणाले, "वरून तरी बरं दिसतंय. पण आत काय आहे ते अजून दोन-तीन दिवसांनी कळेल." मी यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकलं. खरं तर दुसरंही ऐकलं, पण त्याला आत घेतलं नाही. मम्मी म्हणाली, "थांब जरा, कोणाला काही सांगू नको." मी म्हटलं, "मम्मी, विश्वास ठेव ना!" हे मी कोणाला म्हणतेय? पंचवीस वर्षं जखमा बांधणाऱ्या बाईला.

आमच्याकडे उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. देवाने आयुष्यात काय केलं ते पुढे उभं राहून सांगायचं. म्हातारी माणसं दोन मिनिटांत आटपतात. मी दुसऱ्या दिवशी पुढे गेले आणि माझं आटपेचना. मोजे सांगितले, सगळे हसले. डॉक्टरांना मी माझ्या गोष्टीत आश्चर्यचकित करून टाकलं, जे ते अजिबात झाले नव्हते. डबीतलं वचन सांगितलं, आधीची परत ठेवलेली सोडून. शेवटी म्हटलं, "पाय वाचलाय!" मंडळी हालेलुया म्हणाली, टाळ्या वाजल्या, पेटीवाल्या काकांनी एक सूर पण लावला. बाहेर मी सगळ्यांना वडे वाटले. एक मावशी म्हणाली, "अगो, तू तर पाळक व्हायला हवीस." मला ते पटलं. दुपारभर मी पाळक होते.

मंगळवारी पप्पांना हुडहुडी भरून ताप आला. बोटं काळी पडली होती. बुधवारी दोन बोटं काढली.

आणि आता सांगायला लाज वाटते, पण ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? पप्पा नाही. "आता चर्चमध्ये काय सांगू?" हे आलं. मी पटापट चर्चच्या ग्रुपवर टाकलेले पाय वाचल्याचे मेसेज डिलीट करत सुटले, तर तिथे "हा मेसेज डिलीट केला आहे" अशी रांगच लागली, आणि ती बघून लोकांचे फोन यायला लागले.

डॉक्टर म्हणाले, सोमवारी पट्टी उघडू. तेव्हा ठरेल पाय राहतो की नाही.

गुरुवारी आंटी आल्या. आमच्या पाळकसाहेबांच्या मिसेस, सगळे त्यांना आंटीच म्हणतात. त्या खूप बोलत नाहीत आणि बोलल्या की भाजी निवडल्यासारखं बोलतात. मी त्यांना बघून बाहेरच्या बाकावर पळाले, तर त्या तिथे आल्या.

"लपतेस का गो?"

"नाही आंटी. फोन आला होता."

"फोन चार्जिंगला आत लावलायस."

मग मी रडायलाच लागले. म्हटलं, "माझा विश्वास कमी पडला ना? मी उपास मोडला. तिखलं खाल्लं. आणि डबीतनं कितीतरी वचनं काढली."

"किती काढलीस?"

"आठवत नाही."

आंटी हसू आवरत होत्या, मला दिसलं. म्हणाल्या, "हे बघ. तुझ्या अविश्वासाने पायात पू होत नाही. शुगरने होतो. एवढी मोठी नाहीस तू."

मला थोडा रागच आला. इतके दिवस सगळं माझ्यावर आहे असं धरून मी धावत होते आणि यांनी एका वाक्यात मला कामावरून काढलं.

"चल, आत जाऊन प्रार्थना कर," त्या म्हणाल्या.

"तुम्ही करा ना."

"मी नंतर करीन. बाप तुझा आहे."

आम्ही खाटेपाशी उभ्या राहिलो. पप्पांनी डोळे मिटले. मी सुरू केलं, "हे दयाळू पित्या, आम्ही तुझे आभार मानतो की..."

"कशाचे?" आंटी मध्येच म्हणाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणालातरी प्रार्थनेत मध्ये बोलताना ऐकलं.

"म्हणजे... असेच."

"आत्ता मानावेसे वाटतात का?"

"नाही."

"मग जे वाटतं ते सांग त्याला. त्याला तोंडदेखलं कळत नाही का?"

मी डोळे उघडले. मग म्हटलं, "देवा, मला तुझा राग आलाय. ते कोणाचं वाईट करत नाहीत. मोजे घालण्याइतके वेडे आहेत फक्त. मी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं आणि तू मला तिथे एकटीला सोडलंस." आणि मग मोठ्याने रडायला लागले, वॉर्डात, सगळ्यांसमोर. पप्पा डोळे न उघडता म्हणाले, "हळू गो बाय. त्या बाजूच्या पेशंटला वाटेल मीच गेलो."

आंटी आमेन म्हणाल्या. बस. पुढे काही जोडलं नाही. मला वाटलं होतं शेवटी त्या सावरून घेतील, देवाला सांगतील की पोर लहान आहे.

जाताना त्यांनी मला शास्त्रातलं एक स्तोत्र उघडून दिलं. म्हणाल्या, "रविवारचं वाचन तुझ्याकडे. हे वाच. शेवटपर्यंत, आणि शेवट झाला की थांब."

घरी जाऊन वाचलं. तो माणूस पहिल्या ओळीपासून देवाशी भांडतोय. रोज हाक मारतो, उत्तर येत नाही. मित्र लांब गेलेत. आणि मी वाट बघतेय की आता येईल, आता येईल, शेवटी तरी तो म्हणेल पण तू चांगला आहेस. नाहीच म्हणत. अंधारातच संपतं. मी पान उलटून पण बघितलं, पुढे छापायचं राहिलं की काय. आणि कसं सांगू, मला एकदम हलकं वाटलं. हे कोणीतरी फार पूर्वी बोललंय, आणि ते शास्त्रातून कोणी काढून टाकलेलं नाही! लोक ते इतकी वर्षं जपून वाचतायत! मला लगेच सगळ्या ग्रुपवर टाकावंसं वाटलं. नाही टाकलं. बोटं शिवशिवत होती, पण नाही टाकलं.

रविवारी मी परत त्याच माइकपाशी. आधी म्हटलं, "मागच्या वेळी मी म्हटलं पाय वाचलाय. ते मला माहीत नव्हतं. दोन बोटं काढली. उद्या पट्टी उघडणार, काय होईल ते अजून माहीत नाही." मग वाचलं आणि थांबले. एक काका सवयीने "हालेलुया" म्हणाले आणि तो तसाच वर लटकत राहिला. पुढे कोणाला कळेना काय करायचं. पेटीवाल्या काकांनी हात उचलून परत ठेवला.

बाहेर पडताना तीच मावशी म्हणाली, "छान वाचलंस. पण चुकून अर्धंच वाचलंस का गो?"

आणि मागच्या बाकावर बसणारे एक मामा, कधी कोणाशी न बोलणारे, गेल्या वर्षी त्यांची बायको वारली, ते चप्पल घालता घालता थांबले. म्हणाले, "हे कुठे आहे ते मला लिहून दे." मी दिलं. वडे त्या दिवशी नव्हते.

सोमवारी मी पप्पांचा हात धरून उभी होते. मम्मी पलीकडे, नर्सच्या डोळ्यांनी बघत. पट्टी सुटत गेली. वचन नव्हतं, उपास नव्हता, सकाळी तीन इडल्या खाऊन आले होते. मनात एवढंच म्हणत होते, मी इथेच आहे, तू पण इथे थांब. हे मी पप्पांना म्हणत होते की देवाला, आत्ताही सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "अजून एक बोट जाईल. पण वर चढलेलं नाही. पाय राहतोय."

मी मम्मीकडे बघितलं. तिने मान हलवली. तेव्हा मी धरलं की खरं आहे.

पप्पांनी विचारलं, "मग लाँचवर कधी जाऊ?"

"लाँचवर नाही आता," डॉक्टर म्हणाले. "ओल्या फळीवर उडी मारायची, तोल सांभाळायचा, ते नाही जमणार. धक्क्यावर बसून जे होईल ते करा."

पप्पा आतापर्यंत सगळ्याला हसले होते. ताप आला तेव्हा, बोटं गेली तेव्हा. आता नाही हसले. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "काल तू काय वाचलंस म्हणे. आंटी सांगत होत्या. वाच."

मी वाचलं. शेवट झाल्यावर माझा हात आपोआप पान उलटायला गेला, पुढच्या स्तोत्राची सुरुवात आनंदाची आहे ना, तेवढं तरी ऐकवावं म्हणून. त्यांनी पानावर हात ठेवला. ग्रीसने काळी पडलेली नखं, इतके दिवस हॉस्पिटलात राहून पण न निघालेली.

"थांब ना गो. घाई काय आहे तुला?"

फोन वाजत होता, सगळे विचारत होते काय झालं. मी टाइप केलं: "पाय राहिला. लाँचवर चढता येणार नाही. पप्पा गप्प आहेत. प्रार्थना करा, उत्तरं पाठवू नका." पाठवलं. त्यावर लगेच कोणीतरी हात जोडलेली सहा चित्रं पाठवली, तर ते असू दे.

मग फोन उलटा ठेवला आणि पप्पांचा हात जिथे होता तिथेच राहू दिला.