गाळातले डोये

समुद्र कुठं नि आर्णी कुठं! तरी मी शिंपल्याच मोजते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की काठच्या गाळात लोखंडी चौकट टाकायची, तिच्यातल्या लहान किती, मोठ्या किती ते वहीत लिहायचं. कोणी हसलं की माझं डोकं सणकतं.

सोबतीला मासोळ्या धरणारी एक मावशी असते. शिंपली गाळात रुतलेली, वर फक्त श्वासाच्या दोन बारक्या फटी दिसतात. मावशी त्यांना 'डोये', म्हणजे डोळे, म्हणते. आपली सावली पडली की ते पटकन मिटतात. तिची मोजणी एवढीच: मिटले ते जिते.

गेल्या मे महिन्यात ती माझ्याआधीच गाळात उतरली. तिच्या सुनेला सातव्या महिन्यातच मुलगी झालती. पोरगी दवाखान्यातून त्या दिवशी घरी येणार होती, पण तिच्यात दूध ओढायची ताकद नव्हती. वाटी-चमच्यानं पाजा, डॉक्टर म्हणाले. मावशीकडे चमचा चालत नाही. लेकराला दूध पाजायला लहानशी शिंपीच लागते, तीही जित्या शिंपलीची.

"मेल्याची शिंपी लेकराच्या तोंडाले लावत नाही, मॅडम."

टाचभर पाण्याखाली डोळे खूप होते. मी पुढं झाले, सावली पडली. एकही मिटला नाही.

"तुमी सरका बरं," म्हणत मावशी स्वतः वाकली. तरी उघडेच. आईशप्पथ, अंगावर काटा आला. सगळे आमच्याकडंच पाहून राह्यले होते. उकरलं तर तळहाताएवढ्या म्हाताऱ्या शिंपल्या, आ वासलेल्या, आत नुसता गाळ. पिल्लू एक नाही. वही चाळली. दोन उन्हाळे लहानांच्या रकान्यात मी शून्यच लिहीत होते, तेही सुवाच्य अक्षरात. जळला माझा अभ्यास!

कॉलेजच्या कपाटात माझ्या मोजणीच्या पहिल्या वर्षीची एक बारकी शिंपी होती, आत शाईनं नंबर घातलेली. घासून, उकळून मावशीच्या घरी नेली. नंबर काही गेला नाही.

"जिती होती नं?" मावशीनं विचारलं.

"जितीच होती. मीच मारली."

तिनं शिंपी दुधात बुडवली. पोरीच्या ओठांवर दुधाचा थेंब सोडला. पोरगी गिळेना, वर टक लावून होती. मी वाकले, माझी सावली तिच्या तोंडावर पडली. डोळे तसेच उघडे.

"मिट वं माय," मावशी हळूच म्हणाली. "मिट."

पोरीनं डोळे मिटले, नि घोट गिळला. मी तिथंच बसून रडले.