डासाला कसला रोग

आमच्याकडं घरात माणूस गेलं की साठवलेलं पाणी सगळं ओतून टाकतात. गेल्या पावसाळ्यात बायको डेंगीनं गेली, तवा भावकीनं हंडे, घागरी, पिंप सगळं पालथं केलं. परसातला रांजण मी पालथा करू दिला न्हाई. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं तो भरला हुता. शेजारीण म्हणाली, "आण्णा, डास हुतील." मी म्हणालो, "हुऊ देत."

यंदा धाकट्या भावाची नात खानापूरला जाताना आमच्याकडं उतरली. बेळगावात कॉलेजात डासांवर शिकते. डासावर शिकण्यासारखं काय असतं, मला कळलं न्हवतं. रांजणात वाकली आणि खूश झाली. आत अळ्या वळवळत हुत्या.

"आजोबा, ह्या नेऊ का? ह्यांच्यात एक विषाणू हाय का बघायचंय."

"डेंगीचा?"

"न्हवं. हा निस्ता डासातच ऱ्हातो. माणसात अजून कुणाला सापडला न्हाई."

मी पायरीवर बसलोच. डासाला रोग हुतो हे जन्मात ऐकलं न्हवतं.

"मरतो का डास त्यानं?"

"मरायलाच पायजे व्हय तुम्हाला?" ती हसली. "ते अजून नीट कळलेलं न्हाई."

डेंगीच्या विषाणूत म्हणे आरएनए नावाचा एकेरी धागा असतो, ह्याच्यात दोन पदरी, तोबी तुकड्यातुकड्यानं. जन्मभर दावी वळली मी, दोन पेडांचं मला कळतं. पण डासाच्या पोटात एवढं बारीक कोण वळतं? पहिल्या डासाला हे कुठनं लागलं? मी विचारतच सुटलो. आमची ही असती तर म्हणाली असती, "डास खोकतो का तेबी विचारा की."

पोरीनं चहाच्या गाळणीनं अळ्या बाटलीत घेतल्या.

"हे पाणी कवाचं, आजोबा?"

"तुझ्या आजीनं भरलेलं."

ती हळूच म्हणाली, "उन्हाळ्यात आटलं न्हाई?"

"आटलं की वरनं घालत हुतो."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. तिचं पाणी उन्हाळ्यातच संपलं हुतं. ऱ्हायलेलं सगळं मी ओतलेलं. डास पाळत हुतो मी.

दोघांनी मिळून रांजण कलंडला. पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी गेलं. अंडी कडेला चिकटून ऱ्हातात म्हणाली, म्हणून आतनं काथ्यानं घासून काढला.

आता मीच तिला फोन लावतो.

"सापडला का गं दोन पदरी?"

"न्हाई, आजोबा."

"नीट बघ. आमच्या रांजणातले हैत ते."