पंतांसाठी जागा

माझ्या ताईच्या दिराइतका जागेच्या बाबतीत चोखंदळ माणूस मुंबईच्या अख्ख्या उपनगरांत दुसरा झाला नसेल, आणि हा सगळा चोखंदळपणा त्यानं जन्मभर दुसऱ्यांसाठी खर्च केला. मुलुंडपासून बोरीवलीपर्यंत आमच्या नात्यात कुणालाही घर घ्यायचं झालं की आधी त्याला नेऊन दाखवायचं, असा रिवाजच पडला होता. हा जिना मुकाट्यानं चढायचा. आत शिरला की बिल्डरच्या माणसाकडं ढुंकूनही न बघता आधी मोरीतला नळ सोडायचा, मग भिंतीवर बोटानं टकटक करत सगळ्या खोल्या फिरायचा आणि शेवटी हॉलच्या मधोमध फरशीवर मांडी घालून डोळे मिटून बसायचा. आम्ही घाईवर आलो की म्हणायचा, "थांबा रे. वारा येऊ दे." वारा आला तर ठीक, नाहीतर गृहप्रवेशाची तारीख काढून बसलेल्यांनाही ती जागा सोडावी लागे. एकदा अंधेरीला एक बिल्डर वैतागून म्हणाला, "साहेब, जागा घ्यायची कुणाला आहे? तुम्हाला?" तर हा म्हणाला, "मला कशाला? मी जागा घेऊन करू काय?" हे त्यानं इतकं सहज म्हटलं की आम्ही सगळे खो खो हसलो.

वयानं तो माझ्याएवढाच. पण ताईचा मुलगा त्याला काका म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळी सोसायटी काका म्हणू लागली, आणि मीही. मरोळच्या एका औषधांच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. ताईची बोरीवलीची जागाही त्यानंच शोधली, दोघा भावांच्या कमाईतून ती घेतली गेली, बांधकाम चालू असताना दर रविवारी उन्हात उभं राहून सिमेंट नीट मिसळतात की नाही ते यानंच पाहिलं. कागदावर नाव मात्र थोरल्या भावाचं लागलं, कारण त्याचं लग्न झालेलं होतं आणि याचं व्हायचं होतं. आता ज्याला घर आहे त्याचं लग्न होतं आणि ज्याचं लग्न झालंय त्याला घर मिळतं, हा मुंबईचा कायदा. काका या दोन्हींच्या मधल्या फटीत पडला आणि तिथंच राहिला. आधी त्याच्याकडं आतली खोली होती. भाचरं-पाहुणे यायला लागल्यावर तो हॉलमध्ये आला. टीव्ही आल्यावर हॉलमधून बाल्कनीत. बाल्कनीला काचा लावून एक लोखंडी कॉट टाकली होती, तिच्यावर पाय पूर्ण लांब करायचे तर कुंडी हलवावी लागे. याबद्दल त्याची तक्रार काय, तर "कुंडीला ऊन कमी पडतं."

अशा माणसाच्या आयुष्यात पंत आले. पंत म्हणजे एक गिनीपिग. कारखान्यात औषधं तपासायला प्राण्यांची एक खोली होती, ती बंद झाली. बाकीचे प्राणी कुठं गेले ते कुणी सांगितलं नाही आणि काकानं विचारलं नाही. एक नर तेवढा राहिला होता. साहेब म्हणाले, एकासाठी खोली कशाला अडवून ठेवायची, आज संध्याकाळी त्याचंही उरकून टाका. काकानं त्याला डब्याच्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं. पांढरं अंग, एक कान तपकिरी आणि चेहऱ्यावर पेन्शन अडकलेल्या माणसाचा भाव, म्हणून नाव पंत. ताई दारातच म्हणाली, "भावोजी, हा उंदीर घरात नको हां." काका म्हणाला, "वहिनी, उंदीर फुकट राहतात. यांचं मी बघणार आहे."

आणि त्यानं बघितलं ते असं की आपल्या पोटच्या पोरासाठी कुणी बघणार नाही. प्लायवूडचं घर बांधलं, त्यात झोपायची जागा निराळी, जेवायची निराळी, खिडकी पूर्वेला. कॉटखाली ते बसेना म्हणून त्यानं कॉटच विटांवर चढवली. पंतांना हिरवं गवत लागे. बोरीवलीत स्टेशनबाहेरच्या देवळापाशी एक बाई गाय बांधून बसायची आणि येणारे-जाणारे तिच्याकडून पेंडी विकत घेऊन गाईपुढं टाकायचे. काका रोज सकाळी पेंडी घ्यायचा, गाईला नमस्कार करायचा आणि तिनं जीभ बाहेर काढली की पेंडी पिशवीत कोंबून चालू पडायचा. देवळात येणाऱ्या बायका खवळल्या. एक म्हणाली, "लाज नाही वाटत, गाईच्या तोंडचं काढून नेता?" काका म्हणाला, "बाई, गाय पहाटेपासून खातेच आहे. आमच्या पंतांच्या पोटात अजून काही नाही." तेव्हापासून गवतवालीच त्याला लांबून पाहिलं की पेंडी पदराआड धरून द्यायची.

एवढं होऊनही पंत खंगायला लागले. भिंतीकडं तोंड करून बसत, काकडीचा तुकडा तसाच वाळून जाई. कारखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे कळपातले प्राणी, एकटे ठेवले तर अन्न सोडतात आणि मरतात. काका त्या दिवशी संध्याकाळी सरळ माझ्याकडं घाटकोपरला आला. चपला न काढताच म्हणाला, "पंतांना सोबत बघायला हवी." मी म्हटलं, आण अजून एक, त्यात काय. तर म्हणाला, "तुका काय कळता त्यातला? दोन पुरुष एकत्र ठेवले तर मारामारी. बाई आणली तर तीन महिन्यांत बाल्कनी भरेल. मग वहिनी काय म्हणेल?" शेवटी अटी ठरल्या त्या अशा : वधू प्रौढ हवी, शांत हवी, मूलबाळ होण्याचं वय उलटलेलं हवं. पूर्वी लग्न झालेलं असलं तरी चालेल. मानपान नाही.

यानंतर त्यानं जे काही केलं ते आमच्यात मुलामुलींची लग्नं जमवताना करतात तेच. ओळखीपाळखीच्यांना सांगून ठेवलं. चारकोपच्या एका मित्रानं ससा देऊ केला, तो आणून बघितला, त्यानं पहिल्याच दिवशी पंतांना लाथ मारली म्हणून परत पोचवला. कुणीतरी आरसा लावायला सांगितलं. पंतांनी आरशाकडं एकदा बघितलं आणि पाठ फिरवली. काका म्हणाला, "स्वतःचं तोंड बघून कुणाचं मन रमलंय?"

मग आमच्या घाटकोपरातलंच एक स्थळ कळलं. एका कच्छी शेठच्या मुलीनं हौसेनं पाळलेली गिनीपिगची मादी होती, मुलगी सासरी गेली होती आणि मादी म्हातारी झाली होती. काकानं पंतांना टूथब्रशनं विंचरलं, वेताच्या करंडीत बसवलं, स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला आणि मुलाकडची माणसं दोन तरी असावीत म्हणून मला बरोबर घेतलं. शेठनं सरबत दिलं, करंडीचं झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, "जागा ओनरशिपची हाय ने?"

"आहे," काका म्हणाला. "पण भावाच्या नावावर. मी बाल्कनीत असतो. पंत माझ्या कॉटखाली."

"मग जागा नाय म्हणा ने तुमच्याकडं. आमची पाळेली हाय. उद्या भाऊ बोलला, बाहेर काढा, तर ती कुठं जाणार?"

काका म्हणाला, "बरोबर आहे तुमचं," आणि झाकण लावलं.

रस्त्यावर आल्यावर तो हसायला लागला. म्हणाला, "अगदी हेच रे. मला जे सांगून यायचे ते बाप पण हेच विचारायचे. जागा तुमच्या नावावर का? मी खरं सांगायचो." मला हसू आलं नाही. खोटं बोलला असता तर आज याचीही पोरं लग्नाला आली असती. पण आमच्याकडं खरं बोलणाऱ्याला शाबासकी देतात, मुलगी देत नाहीत. आणि ज्या भावासाठी तो खरं बोलत राहिला, त्या भावानं एकदाही मध्ये पडून म्हटलं नाही की निम्मी जागा याचीच आहे.

त्याच सुमारास ताईच्या मुलाला स्थळं यायला लागली. मुलीकडचे आता फक्त जागा आहे का विचारत नव्हते, त्या जागेत कोण कोण आहे तेही विचारत होते. ताईनं मला बोलावून घेतलं. चहाचा कप पुढं करत म्हणाली, "तू भावोजींशी बोल ना. त्यांना एकट्याला कितीशी जागा लागणार? सून यायची तर बाल्कनी मोकळी नको का?"

मी म्हटलं, "ताई, हे घर त्यानं उभं केलंय गं."

"मी कुठं नाही म्हणते? पण आता काय करू ते सांग. मुलाचं लग्न थांबवू? की तू नेतोस त्यांना तुझ्याकडं?"

माझ्याकडं आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं एका खोलीत आणि स्वयंपाकघरात राहत होतो, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर तिनं विचारलं. माझी सख्खी बहीण, स्वभावानं वाईट नव्हे. पण मुंबईच्या चौरस फुटांनी चांगल्या चांगल्या माणसांची मनं कापून आखूड करून ठेवली, त्यात तिचंही मन गेलं, आणि मला तिचा त्या दिवशी मनस्वी राग आला. बोललो ते तिला लागलं. मात्र बाल्कनीची काच उघडी होती आणि काका आत पंतांना कोथिंबिरीच्या काड्या भरवत होता, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काका जागा बघायला लागला. कुणी विचारलं तर सांगायचा, पंतांसाठी बघतोय. मी एकदा त्याच्याबरोबर चारकोपला गेलो. तिथं सेक्टरमध्ये नवी बैठी घरं झाली होती आणि मागची खोली भाड्यानं द्यायची पाटी एका घरावर होती. घरमालकीण दारातच म्हणाली, "फॅमिली असंल तर देते. एकट्या बाप्याला नाय." काकानं करंडीचं झाकण उघडलं. तिनं वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्ये काय?"

"फॅमिली," काका म्हणाला.

ती एवढी हसली की तिला पदरानं डोळे पुसावे लागले. आत बोलावून तिनं आम्हाला चहा पाजला, पंतांना गाजर दिलं. खोली दिली नाही. असं आम्ही चार ठिकाणी हिंडलो. पन्नाशीला आलेल्या बिनलग्नाच्या माणसाकडं लोक असं बघायचे की जणू त्यानं बायकोला कुठंतरी पुरून ठेवलंय.

पंतांचं मात्र जमलं. मुलुंडला एक निवृत्त शाळामास्तरीणबाई तळमजल्यावर राहत होत्या. मागं छोटंसं अंगण, त्यात पेरूचं झाड आणि जाळीच्या घरात एक पोक्त गिनीपिगबाई. तिचा जोडीदार नुकताच गेला होता. काकानं अंगणात मांडी घालून डोळे मिटले. बाई घाबरून माझ्याकडं बघायला लागल्या, मी खुणेनं सांगितलं, थांबा. बऱ्याच वेळानं तो उठला आणि म्हणाला, "जागा चांगली आहे." पंतांना जाळीत सोडलं. आतल्या म्हातारीनं चघळणं न थांबवता त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि थोडी सरकली. पंत तिच्या शेजारी जाऊन बसले आणि समोरचं पान खाऊ लागले. काकानं तोंड फिरवलं. मग बाईंना पाण्याचं, उन्हाचं, मांजराचं, सगळं पुन्हा पुन्हा विचारत राहिला. बाई म्हणाल्या, "अहो, पोरगी सासरी घालवताय की काय? केव्हाही येऊन बघून जा." फाटकाबाहेर आल्यावर त्याच्या हातातली रिकामी करंडी मी घ्यायला गेलो तर त्यानं दिली नाही.

पुढच्याच रविवारी ताईकडं मुलीचे वडील आणि मामा घर बघायला आले. मुलगी पसंत होती, घर पसंत पडायचं होतं. मलाही बोलावलं होतं. कॉट रात्रीच उचलली होती. काकानंच पाहुण्यांना खोल्या फिरून दाखवल्या, बाल्कनीत इतकं छान ऊन येतं म्हणून दोनदा सांगितलं. मग सगळे हॉलमध्ये बसल्यावर मुलीच्या वडिलांनी चष्मा पुसत सहज विचारलं, "घरात माणसं किती आपण?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात धरून उभी राहिली. तिचे यजमान जमिनीकडं बघू लागले, मुलगा पंख्याकडं.

"तीन," काका म्हणाला. "हे दोघं आणि मुलगा."

"आणि आपण?"

"मी यांचा गाववाला. पाहुणा म्हणून आलो होतो. आज निघायचंय." परळला त्यांच्या गावच्या मंडळाची एक खोली होती, गावातल्या कुणाही पुरुषानं तिथं ट्रंक ठेवावी आणि रात्री वळकटी पसरावी. तिथं त्यानं आधीच सांगून ठेवलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

मुलीचे वडील भला माणूस. म्हणाले, "अहो, पाहुणे आहात तर जेवल्याशिवाय कसे जाल? काय हो वहिनी?"

ताई म्हणाली, "छे, जेवल्याशिवाय कशी सोडीन."

एरवी तो सगळ्यांची झाल्यावर आपलं ताट घेऊन बाल्कनीत जायचा. त्या दिवशी पाहुण्यांच्या पंगतीत त्याचा पाट मांडला गेला. वडे होते आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. ताई वाढत वाढत त्याच्यापाशी आली. "घ्या ना अजून एक," ती म्हणाली, "लाजता काय?" काकानं रीतीप्रमाणं ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाला, "पुरे वहिनी, खूप झालं." इतक्या वर्षांत त्या घरात त्याला कुणी आग्रह केलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. ताईनं त्याचा हात बाजूला करून वडा वाढला, आणि तो त्यानं मान खाली घालून, सावकाश, सगळा खाल्ला.