वालाचं बिरडं सोलायला दोन हात लागतात

पोलिओने माझे पाय गेले ते मी अगदी लहान असताना. पुढे पाठीचा कणाही एका बाजूला वाकत गेला. बसताना डावा हात जमिनीला टेकवावाच लागे, नाहीतर मी कलंडायची. शाळेत माझी पाटी शेजारची मुलगी धरायची.

वडील महाडच्या कोर्टात कारकून होते. त्यांनी मला मुंबईच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, "पाय परत येणार नाहीत. पण नडगीचं हाड काढून कण्यावर बसवलं, तर पोरगी टेकूशिवाय बसेल. मात्र कित्येक महिने प्लास्टरमध्ये आडवं राहावं लागेल."

वडील माझ्याकडे वळले. "काय गं, करायचं?"

मोठ्या माणसाने मला असं विचारायची ती पहिलीच वेळ. मी हो म्हटलं.

ऑपरेशन झालं, गळ्यापासून मांड्यांपर्यंत प्लास्टर चढलं आणि काही आठवड्यांनी घरी सोडलं. एसटीत मागचं अख्खं बाकडं मला मिळालं. पोलादपूरकडची एक म्हातारी माझ्या उशाशी उभी राहिली. खड्डा आला की ओरडायची, "हळू हाक रे मेल्या! आजारी पोर हाय मागं!" महाड येईपर्यंत सगळी गाडीच ड्रायव्हरवर ओरडायला लागली होती.

उन्हाळ्यात प्लास्टरच्या आत खाज सुटायची. आत काही घालायला डॉक्टरांची मनाई. मग आई गळ्याशी विंझणा धरून आत वारा घाली. संध्याकाळी वडील कोर्टातून येत आणि दोन्ही वकिलांचे आवाज काढून दिवसभराचा खटला ऐकवत. हसू आलं की प्लास्टर बरगड्यांना रुते.

"अहो, पुरे! तिला लागतंय," आई म्हणे.

"लागू दे," मी म्हणे आणि वडिलांना विचारी, "अण्णा, मग साक्षीदार काय म्हणाला?"

पावसाळा सरला तेव्हा मुंबईला जाऊन प्लास्टर काढलं. घरी आईने मला चटईवर बसवलं आणि हात सोडले. मी बसून राहिले. डाव्या हाताचं काय करायचं तेच मला कळेना. आईने डोळे पुसले, आत गेली आणि मोड आलेल्या वालांचं पातेलं माझ्यासमोर ठेवलं.

"बसलीच आहेस तर सोल."

मी दोन्ही हातांनी सोलायला लागले. एक दाणा सालातून सटकन उडून वडिलांच्या टोपीवर बसला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि म्हणाले, "कच्चा आहे."